लेकरासाठी प्रार्थना कशी करायची: पहिल्यांदाच बसणाऱ्या आईवडिलांसाठी

मिरज जंक्शनवर रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस लागली की प्लॅटफॉर्मवर एक आई हमखास दिसते. पोरगं खिडकीशी बसलेलं असतं, मोबाईलमध्ये डोकं घालून. ती खालून पाण्याची बाटली आत सरकवते आणि चौथ्यांदा विचारते, "पोचलास की फोन करशील ना?" गाडी हलते, शेवटच्या डब्याचा लाल दिवा दिसेनासा होतो, तरी तिचे पाय निघत नाहीत.

मी तिथं तशी उभी राहिलेय. माझा मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगला होता. दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर त्यानं फोन उचलणं बंद केलं. मी जन्मानं ख्रिस्ती, लहानपणी शब्बाथ शाळेत वचनं पाठ करून बक्षिसं मिळवलेली, मिरजेच्या हॉस्पिटलात तीस वर्षं नर्स म्हणून रात्रपाळ्या केलेल्या, कितीतरी पेशंटांच्या उशाशी प्रार्थना केलेली. आणि त्या रात्री स्वतःच्या मुलासाठी गुडघे टेकले तर तोंडातून शब्द फुटेना. "प्रभू, प्रभू" एवढंच येत राहिलं. मग लक्षात आलं की स्वतःच्या लेकरासाठी प्रार्थना करणं वेगळं असतं आणि ते मला शिकावं लागणार आहे.

तुम्ही नुकतेच मंडळीत येऊ लागला असाल, किंवा पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती असूनही घरात प्रार्थना नेहमी वडिलांनी किंवा पाळकसाहेबांनीच केली असेल, तर हे तुमच्यासाठी लिहितेय. मला जे उशिरा उमगलं ते आधीच सांगते. काळजी बाजूला सारून मन शांत झाल्यावर प्रार्थना करू, असं म्हणत बसू नका. काळजी जशी आहे तशीच घेऊन बसायचं, फक्त ती नेमक्या शब्दांत देवापुढं ठेवायला शिकायचं. पुढचं सगळं त्याचीच उकल आहे.

जागा आणि वेळ

यावर फार विचार करू नका. वेगळी खोली लागत नाही. माझी जागा स्वयंपाकघरातल्या ओट्याशेजारचं लाकडी स्टूल. सकाळी कणीक मळून झाकून ठेवली की ती भिजायला दहा-पंधरा मिनिटं जातात. तेवढा वेळ माझा. घड्याळ बघावं लागत नाही आणि घरातल्यांनाही सवय झालीय की कणीक झाकलेली असताना आईला हाक मारायची नाही. तुमची वेळ वेगळी असेल. एसटीतून कामावर जाताना खिडकीशी असेल, दुकानाचं शटर वर करण्याआधीची असेल. फक्त ती रोज तीच असू द्या आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत असू द्या.

गुडघे दुखत असतील तर खुर्चीत बसा. आमच्याकडं बायका प्रार्थनेला डोक्यावर पदर घेतात, घ्यावासा वाटला तर घ्या. देव गुडघ्यांचा हिशोब ठेवत नाही.

काळजी कागदावर उतरवा

ही पायरी लोक गाळतात आणि म्हणून प्रार्थना पहिल्या चार दिवसांतच कोरडी पडते. म्हणून इथं जरा थांबते.

वॉर्डात पेशंटचे नातेवाईक यायचे आणि म्हणायचे, "सिस्टर, त्याला बरं नाही हो." तेवढ्यावर केसपेपर लिहिता येत नाही. आम्ही विचारायचो: कधीपासून? कुठं दुखतंय? रात्री वाढतं का? जेवण जातंय का? अशी चार उत्तरं मिळाली की नातेवाइकाचा आवाजसुद्धा थोडा खाली यायचा. दुखणं तेवढंच असायचं, पण आता त्याला हद्द पडलेली असायची.

मार्कच्या शुभवर्तमानात नवव्या अध्यायात एक बाप आपल्या आजारी मुलाला येशूकडं आणतो. मुलाला झटके येतात, तो विस्तवात पडतो, पाण्यात पडतो. येशू त्या बापाला पहिल्यांदा काय विचारतो माहीत आहे? हे त्याला कधीपासून होतंय. म्हणजे केसपेपरवरचा पहिला प्रश्न. मी हा भाग लहानपणापासून ऐकत आले होते, पण हा प्रश्न माझ्या कानाला लागला तो नर्स झाल्यावर, आणि काळजाला लागला तो आई झाल्यावर. सगळं जाणणारा प्रभू बापाच्या तोंडून ऐकू इच्छितो. बापही सांगतो, लहानपणापासून.

म्हणून एक वही घ्या, साधी दोनशे पानी. "माझ्या पोराचं कसं होणार" असं लिहू नका, ते नुसतं धुकं आहे. पानाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडं लिहा मला नक्की काय माहीत आहे, आणि उजवीकडं मी मनात काय रंगवलंय.

माझं त्या वेळचं पान अजून आहे. डावीकडं दोनच ओळी: बारा दिवस फोन उचललेला नाही. मेसेजला "बिझी आहे" एवढंच उत्तर. उजवीकडं पान भरून: दारू पीत असेल, वाईट संगत लागली असेल, कुणा मुलीच्या नादी लागला असेल, आमची लाज वाटत असेल, कुठल्या तरी कर्जाच्या ॲपमध्ये अडकला असेल. पुढं कळलं की यातलं एकही खरं नव्हतं. तो तीन विषयांत नापास झाला होता आणि आम्हाला तोंड कसं दाखवायचं या धास्तीनं फोनकडं बघत बसायचा. मी मात्र दोन आठवडे उजव्या बाजूच्या मुलासाठी रडत होते. डाव्या बाजूचा, खरा, पुण्यात एकटा बसलेला मुलगा माझ्या प्रार्थनेत नव्हताच.

तेव्हापासून नियम केला. डाव्या बाजूसाठी मागायचं. उजवी बाजूही देवाला दाखवायची, पण "ही माझी भीती आहे" असं म्हणून.

मुलं दोन-तीन असतील तर प्रत्येकाचं पान वेगळं. बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात आहे, तो पहाटे उठून आपल्या मुलांसाठी, प्रत्येकाच्या नावानं वेगळं होमार्पण करायचा. "माझ्या सगळ्या मुलाबाळांना सांभाळ" ही प्रार्थना वाईट नाही, पण तिच्यात कुणाचाच चेहरा दिसत नाही.

आता बोला

पुस्तकी मराठीची गरज नाही. काही जण प्रार्थनेला बसले की एकदम "हे सर्वसमर्था, कृपासागरा" सुरू करतात आणि तिसऱ्या वाक्याला अडखळतात, कारण तो आवाज त्यांचा नसतो. आपल्या भागाला तर याची आठवण असायला हवी. रेव्हरंड नारायण वामन टिळक शेवटच्या काळात साताऱ्याला राहिले. 1917 साली मिशनची चाकरी सोडून त्यांनी तिथं 'देवाचा दरबार' सुरू केला. ख्रिस्ताची भक्ती मराठी माणसानं मराठी वळणानं, अभंगाच्या चालीवर करावी, यासाठी हा माणूस आयुष्यभर झिजला. आपण घरात लेकराला ज्या बोलीत हाक मारतो, त्या बोलीत त्याच्याविषयी देवाशी बोलायला लाजायचं कशाला?

एक साधा क्रम सांगते. देवाला हाक मारा. लेकराबद्दल एक खरी चांगली गोष्ट आठवून आभार माना. मग वहीतली एक काळजी, फक्त एक. मग काय हवंय ते सांगा. शेवटी लेकरू त्याच्या हातात द्या आणि "येशूच्या नावात, आमेन" म्हणा. आपण आपल्या पुण्याईवर आलेलो नाही, येशूच्या ओळखीवर आलोय, असा "येशूच्या नावात"चा अर्थ. आमेन हा हिब्रू शब्द, त्याचा अर्थ खरंच, तसंच होवो.

आभारावर नवीन माणूस अडतो. काळीज जळत असताना आभार कसले? पण येशूचा प्रेषित पौल फिलिप्पै गावच्या मंडळीला लिहितो की कशाचीही चिंता करत बसू नका, मागणं देवाला कळवा, आणि ते आभारासहित कळवा. तो हे तुरुंगातून लिहितोय, म्हणजे सुखात बसून केलेला उपदेश नाही. आईच्या बाबतीत मला याचा उपयोग असा दिसला: काळजीच्या दिवसांत मूल म्हणजे नुसती एक अडचण होऊन बसतं. आभार मानताना ते परत माणूस होतं. मला आठवायचं, हा सातवीत असताना शेजारच्या आजींची औषधं रोज आणून द्यायचा, न सांगता.

नमुन्यादाखल एक लिहून देते. नावाच्या जागी आपल्या लेकराचं घरातलं नाव घाला, शाळेच्या दाखल्यावरचं नको.

"प्रभू येशू, मी सोनूची आई. सोनू अभ्यासाला बसली की तिच्या कपाळावर जी आठी पडते ना, ती तूच दिलीस, त्याबद्दल तुझे आभार. तिला रात्री झोप लागत नाही. परीक्षेला एकवीस दिवस राहिलेत. मला तिच्या मार्कांची काळजी आहे हे तुझ्यापासून काय लपवू, पण आज तिच्या झोपेसाठी मागते. आज रात्री तिला सहा तास झोप दे. आणि मी जेवताना तिला मार्कांचं काही विचारणार नाही, एवढं माझं तोंड सांभाळ. ती माझ्या आधी तुझी आहे. येशूच्या नावात, आमेन."

दुसरी, वडिलांसाठी. बाप माणसाला बोलायला जड जातं, म्हणून छोटी:

"देवा, पोरगा पिऊन येतो. मी त्याच्यावर हात उचलला, ते चुकलं. मला क्षमा कर. त्याला या व्यसनातून काढ. उपचाराला चल, हे आज त्याला न ओरडता सांगायचं बळ मला नाही, ते दे. आमेन."

   

या दोन्हींत एक गोष्ट पाहा. लेकरासाठी मागणं आहे आणि सोबत स्वतःसाठीही आहे. मार्कमधला तो बापही म्हणतो, आमच्यावर दया कर, आम्हाला मदत कर. त्याच्यावर असं नाही म्हणत, आमच्यावर म्हणतो. मूल आजारी असलं, भरकटलं, की अख्खं घर आजारी असतं. आणि लगेच पुढं तोच बाप रडत कबूल करतो की माझा विश्वास आहे, पण कमी पडतो, तिथं मला हात दे. येशू त्याला परत पाठवत नाही. मुलाला बरं करतो. अर्धामुर्धा विश्वास घेऊन येणाऱ्या आईबापाला याहून मोठा दिलासा मी तरी दुसरीकडं वाचलेला नाही.

नवसाबद्दल

आपल्या मातीत नवस मुरलेला आहे. मुलगी पास झाली तर अमुक करीन, पोरगा सुधारला तर तमुक देईन. मंडळीत नव्यानं आलेली माणसं तीच रीत येशूपुढं नेतात, यात त्यांचा दोष नाही. कुणी म्हणेल, बायबलमधल्या हन्नानं, मूल होत नसलेल्या बाईनं, नाही का नवस केला? केला. पहिल्या शमुवेलच्या पहिल्या अध्यायात आहे. पण तिनं काय कबूल केलं ते बघा: मुलगा दिलास तर तो तुलाच देईन. तिनं देवाला भाव सांगितला नाही, मूठ उघडली.

त्याच अध्यायातली आणखी एक गोष्ट मला फार जवळची आहे. हन्ना मनातल्या मनात प्रार्थना करत होती, नुसते ओठ हलत होते. एली याजकाला वाटलं ही बाई प्यायलेली आहे. ती म्हणाली, नाही महाराज, मी परमेश्वरापुढं माझं मन ओतत होते. एलीनं तिला आशीर्वाद दिला. मग ती गेली, जेवली आणि तिचा चेहरा पुन्हा उदास राहिला नाही. मूल अजून पोटातसुद्धा नव्हतं. काहीच बदललं नव्हतं, तरी ती जेवली. नवस बोलणारा माणूस काम होईपर्यंत घास मोजत बसतो. हन्ना मन ओतून मोकळी झाली.

शब्दच नसतील तर

असे दिवस येतील. रोमकरांच्या पत्राच्या आठव्या अध्यायात आहे की आपल्याला कशी प्रार्थना करावी हे कळत नाही तेव्हा पवित्र आत्मा शब्दांत न सांगता येणाऱ्या कण्हण्यानं आपल्यासाठी मध्यस्थी करतो. कण्हणं म्हणजे काय हे वॉर्डात काम केलेल्याला सांगावं लागत नाही.

2019 च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, तेव्हा एका शाळेत हलवलेल्या लोकांना औषधं वाटायला आम्ही काही जणी गेलो होतो. वर्गाच्या कोपऱ्यात एक बाई बसली होती, ओल्या साडीत, हातात बंद पडलेला फोन. तिची मुलगी नदीपलीकडच्या गावात दिलेली, दोन दिवस संपर्क नाही. ती ख्रिस्ती नव्हती. मी शेजारी बसले तर तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "तुमच्या देवाला सांगा की ओ ताई." मलाही काही सुचेना. मी प्रभूची प्रार्थना म्हणाले, "हे आमच्या स्वर्गातील पित्या" पासून, हळूहळू. ती नुसती माझ्या ओठांकडं बघत होती. तेवढंच जमलं, आणि तेवढं पुरलं.

तेव्हा शब्द नसतील तर प्रभूची प्रार्थना म्हणा. कॅथलिक घरातले असाल तर जपमाळ घ्या. स्तोत्र 121 पाठ करून ठेवा, आठच ओव्या आहेत. इस्राएलाचा राखणदार झोपत नाही, डुलकीही घेत नाही, असं त्यात आहे. रात्रपाळीच्या नर्सला याचा अर्थ नीट कळतो. वॉर्डात कुणीतरी जागं आहे एवढ्या भरवशावर बाकीचे झोपतात.

वाचायला काय घ्यायचं

सुरुवातीला बायबल सलग वाचायला जाऊ नका, लेवीय या नियमांच्या पुस्तकापर्यंत जाऊन थांबाल. आईबापांनी येशूकडं लेकरं आणली ते प्रसंग आधी वाचा. वरचा मार्क 9. मार्क 5 मधला याईर, त्याची बारा वर्षांची मुलगी. मत्तय 15 मधली कनानी आई, जिला येशूनं आधी एका शब्दानंही उत्तर दिलं नाही, तरी ती हटली नाही. देव गप्प आहे असं वाटत असेल त्या आठवड्यात हिच्याजवळ बसा.

मग लूक 15, उधळ्या पुत्राची, म्हणजे बापाचा पैसा उडवून घरी परतणाऱ्या धाकट्या मुलाची गोष्ट. ती सगळ्यांना माहीत असते, त्यामुळं कुणी नीट वाचत नाही. बाप मुलाला दुरूनच बघतो, याचा अर्थ त्याचे डोळे रस्त्यावर होते. मुलगा जवळ आल्यावर पाठ केलेलं माफीनाम्याचं वाक्य बाप पुरतं बोलूही देत नाही. आणि शेवटाकडं थोरला मुलगा रुसून बाहेर उभा राहतो तेव्हा बाप त्याच्यासाठीही घराबाहेर येतो. हे मला फार लागलं. धाकट्याच्या काळजीत मी वर्षभर थोरल्या मुलीला विसरले होते. ती घरात होती, वेळेवर जेवत होती, पास होत होती, म्हणून तिचं पान वहीत कोरं होतं. तुमच्या घरात जे मूल त्रास देत नाही, त्याचं नाव आजच लिहा.

मुलाच्या कानावर घालून प्रार्थना करू नका

हे मी कळकळीनं सांगतेय, कारण आमच्यात हे फार चालतं. रात्री कौटुंबिक उपासनेत सगळे बसलेत आणि आई डोळे मिटून म्हणते, "प्रभू, माझ्या मुलाला मोबाईलच्या नादातून सोडव, त्याला आईबापाचा मान ठेवायला शिकव, अमक्याच्या मुलाकडं बघून तरी त्याला बुद्धी दे." ही देवाशी बोललेली भाषा नाही. हे मुलाला दिलेलं लेक्चर आहे, फक्त त्याला मध्ये उत्तर देता येत नाही. मुलांना हे लगेच कळतं. पुढं ती उपासनेला बसायचं टाळतात आणि आपण म्हणतो, पोरं देवापासून लांब गेली.

त्याच्यादेखत प्रार्थना करायची असेल तर त्याला आधी विचारा, "तुझ्यासाठी काय मागू?" तो "काही नको" म्हणाला तर त्याच्या डोक्यावर हात ठेवा, आशीर्वाद द्या आणि थांबा. बाकीचं कणकेच्या वेळी.

मंडळीत सांगायचं तर

एकट्यानं ओझं वाहू नका. पण कुणाला सांगायचं ते पारखून घ्या. मिरज-सांगली लहान आहे, सगळे एकमेकांचे कुणी ना कुणी लागतात. महिला मंडळात "प्रार्थनेचा विषय" म्हणून सांगितलेली गोष्ट रविवारी चर्चच्या पायऱ्या उतरेपर्यंत चार घरांत पोचलेली मी पाहिलीय, आणि ती गोष्ट त्या मुलीच्या कानावर तिसऱ्याच माणसाकडून गेली. तिनं नंतर आईला काही सांगितलं नाही, कितीतरी दिवस.

म्हणून दोनच माणसं निवडा. एक वयानं मोठी, जिनं स्वतः लेकरांपायी रात्री काढल्यात. आमच्याकडं अशा एक आक्का होत्या. त्या सल्ला कधी द्यायच्या नाहीत, फक्त विचारायच्या, "आज काय मागायचं?" दुसरे पाळकसाहेब किंवा मंडळीतले विश्वासाचे वडील. मोठ्या गटात सांगायचं झालं तर नाव आणि तपशील न देता, "घरातल्या एका काळजीसाठी" एवढं पुरतं. मूल कळत्या वयाचं असेल तर त्याला विचारल्याशिवाय त्याची गोष्ट कुठंही सांगू नका. व्हॉट्सॲपच्या प्रार्थनागटावर तर मुळीच नाही. तिथून स्क्रीनशॉट निघतात.

उपासाचं थोडक्यात: उपास-प्रार्थना चांगली, पण शुगर असेल, गरोदर असाल, गोळ्या चालू असतील तर अन्नाचा उपास करू नका. टीव्हीचा करा.

डॉक्टरकडं जाणं म्हणजे विश्वास कमी असणं नव्हे

मिरजेत राहून हे लिहावं लागतं याचं मला वाईट वाटतं. डॉक्टर विल्यम वॉनलेस या मिशनरी डॉक्टरांनी 1894 मध्ये इथं हॉस्पिटल उभं केलं, आणि आज महाराष्ट्र-कर्नाटकातून माणसं मिरजेला औषधपाण्याला येतात, त्याचं मूळ तिथं आहे. प्रार्थना आणि ऑपरेशन या गावात एकाच छपराखाली वाढले. तरीही कुणीतरी येऊन सांगतं की गोळ्या बंद करा, नुसत्या विश्वासानं बरं होईल. असं सांगणाऱ्याचं ऐकू नका, मग तो कितीही मोठ्यानं प्रार्थना करत असो. फिटच्या, मनाच्या आजाराच्या, शुगरच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही थांबवायच्या नाहीत.

वहीची डावी बाजू इथंही कामाला येते. दोन आठवडे झाले तरी मूल नीट झोपत नाही, जेवत नाही, आंघोळ टाळतं, आवडीच्या गोष्टी सोडल्यात, असं तिथं दिसलं तर तारखांसकट ती वही डॉक्टरांपुढं ठेवा. "मी नसतो तर बरं झालं असतं" अशा अर्थाचं काही बोललं, आपल्या वस्तू वाटून टाकू लागलं, स्वतःला इजा केल्याच्या खुणा दिसल्या, तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मदत घ्या. सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन आहे, नंबर 14416. दिवसरात्र चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. अठरा वर्षांखालच्या मुलावर कुणी अत्याचार करत असेल तर 1098. हे दोन्ही नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहा. मी लिहिलेत, स्तोत्राच्या खालीच.

आणि तसं थेट विचारायला घाबरू नका. "तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?" असं विचारल्यानं मुलाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून त्याला हलकं वाटतं.

उत्तर वेगळंच आलं तर

चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत मोनिका नावाची आई होती. तिचा मुलगा ऑगस्टीन, हुशार, पण तिच्या देवापासून दूर गेलेला. ती वर्षानुवर्षं त्याच्यासाठी रडत राहिली. त्यानं कार्थेजहून रोमला जायचं ठरवलं तेव्हा ती मागं लागली, जाऊ नको, नाहीतर मलाही ने. तो तिच्याशी खोटं बोलला. ती बंदराजवळच्या देवळात रात्रभर त्याला जाऊ देऊ नकोस म्हणून प्रार्थना करत राहिली आणि तो त्याच रात्री जहाजानं निघून गेला. सकाळी किनारा रिकामा. त्या आईला काय वाटलं असेल हे मिरज स्टेशनवर उभ्या राहिलेल्या बाईला कळतं.

पण तो इटलीत गेला म्हणूनच पुढं मिलानमध्ये त्याला बिशप अँब्रोज भेटले, आणि 387 साली ईस्टरला त्यांच्या हातून त्याचा बाप्तिस्मा झाला. मोनिकाही तोवर समुद्र ओलांडून तिथं आली होती. ऑगस्टीननं नंतर स्वतः लिहून ठेवलंय की त्या रात्री आईनं जे मागितलं ते देवानं दिलं नाही, कारण ती आयुष्यभर जे मागत होती ते त्याला द्यायचं होतं.

प्रत्येक घरात असंच होईल असं मी म्हणणार नाही. पंडिता रमाबाईंची लेक मनोरमा 1921 मध्ये गेली, रमाबाई हयात असताना. रमाबाई कमी प्रार्थना करत होत्या असं कोण म्हणेल? लेकरू गमावलेल्या आईला "तुझा विश्वास कमी पडला" असं कुणी म्हणालं तर त्याला तिथंच थांबवा. तिच्याजवळ बसा आणि गप्प राहा.

वहीत मागण्यासमोर तारीख टाका, आणि काही घडलं की त्याचीही टाका, तुम्ही मागितलं तसं नसलं तरी. माझ्या वहीत "डिग्री पुरी होऊ दे" यापुढची जागा आजही कोरी आहे.

प्रार्थनेवरून उठल्यावर

याईराच्या मुलीला येशूनं उठवलं, घरात सगळे थक्क, आणि येशू म्हणतो, हिला काहीतरी खायला द्या. एवढ्या मोठ्या चमत्कारानंतर. मी ही ओळ धरून ठेवलीय. आमेन म्हटल्यावर लेकरासाठी एक लहान, हातानं करायची गोष्ट करायची. दूर असेल तर एक मेसेज, ज्यात प्रश्न नसेल. जवळ असेल तर त्याच्या आवडीची भाजी.

तेराव्या दिवशी मी माझ्या मुलाला मेसेज केला होता: "शेंगदाण्याची चटणी केलीय, पुण्याला येणाऱ्या कुणाच्या हातून पाठवते." चौकशी नाही, उपदेश नाही. रात्री पावणेबाराला त्याचा फोन आला. आधी चटणीचं बोलला. मग बराच वेळ काही बोललाच नाही, आणि मग म्हणाला, "आई, मी नापास झालोय." मी म्हटलं, "जेवलास का?"

तो आता कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला आहे. सेकंड शिफ्टला रात्री साडेअकरा-बारा होतात यायला. मी ताट झाकून ठेवते आणि गाडीचा आवाज येईपर्यंत त्याचं पान उघडून बसते.